दाहाचा लगाम दाहाच्याच हाती

जुनी गादी झटकली की उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते. तिच्यात धूळमाइट या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची विष्ठा असते आणि त्या विष्ठेत त्यांच्या पोटातली पाचक द्रव्यं. एखादा माणूस दोन शिंका देऊन मोकळा होतो. दमेकऱ्याच्या छातीत मात्र रात्री घरघर सुरू होते. ही द्रव्यं श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतात आणि पेशी धोक्याची हाळी देतात.

या हाळीवर हलणारं एक मोठं प्रथिन म्हणजे एनएफ-कॅपा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. एरवी ते केंद्रकाबाहेर जखडलेलं असतं. हाळी आली की सुटतं, केंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणारी जनुकं चालू करतं. गंमत म्हणजे त्याच धांदलीत ते असंही एक जनुक चालू करतं, ज्यातून प्रथिन बनतच नाही. बनतो तो आरएनएचा, म्हणजे जनुकाच्या नकलेचा, जेमतेम २२ रासायनिक अक्षरांचा तुकडा, मिर-१४६ए. इराक-१ आणि ट्राफ-६ ही दोन प्रथिनं हाळी पुढे पोचवतात. हा तुकडा नेमका त्यांच्याच संदेशवाहक आरएनएला, म्हणजे ज्या नकलेवरून ती बनतात तिलाच, जाऊन चिकटतो. मग ती प्रथिनं कमी बनतात आणि हाळी क्षीण होत जाते. आग लावणाराच पाण्याची बादलीही भरून ठेवतो म्हणा ना! हे २००६ मध्ये उलगडलं, तेही बाल्टिमोर यांच्याच प्रयोगशाळेत.

अशा तुकड्यांना मायक्रोआरएनए, थोडक्यात 'मिर', म्हणतात. पहिला सापडला १९९३ मध्ये, एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. सात-आठ अक्षरं जुळली तरी यांचं काम भागतं, त्यामुळे एकेक तुकडा शेकडो जनुकांना हात लावू शकतो. पण हात हलका असतो. पंख्याचं बटण नव्हे, रेग्युलेटर.

म्हणूनच 'दम्याचं मूळ सापडलं' अशा बातम्या मी जरा जपून वाचतो. मिर-१५५ चंच बघा. २००७ मध्ये हा तुकडा नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ॲलर्जीकडे नेणाऱ्या टीएच-२ वळणावर झुकल्या, फुप्फुसातल्या श्वासमार्गांभोवती व्रणासारखे तंतू साचले. म्हणजे मिर-१५५ दम्यापासून वाचवतो? पण २०१४ च्या प्रयोगात अशाच उंदरांना अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी करून पाहिली, तर फुप्फुसातला इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा दाह उलट कमी भरला. तुकडा तोच. टी पेशी आपसूक कुठे झुकतात हा एक प्रश्न, आणि मुद्दाम ॲलर्जी घडवल्यावर काय होतं हा दुसरा.

मिर-२१ ची बाजू त्यामानाने सरळ: टीएच-२ ला धाकात ठेवणाऱ्या इंटरल्यूकिन-१२ या निरोप्या प्रथिनाला तो दाबतो, आणि इंटरल्यूकिनचा धाक गेला की टीएच-२ चं फावतं.

उंदरांमध्ये मिर-१२६ ला रोखून धूळमाइटचा दाह कमी करता आला आहे. माणसाच्या दम्यावर मात्र असं औषध अजून बाजारात नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड एनएफ-कॅपा-बीलाच आवर घालतं, फक्त दुसऱ्या वाटेने. ते घशात रेंगाळून तोंडात बुरशी धरू नये म्हणून डॉक्टर पंपानंतर चूळ भरायला सांगतात. मिरला अडवणारा रोधक भलत्याच पेशीत शिरला, तर तो असा चूळ भरून काढता येत नाही. आणि तिथेही अडवलेल्या तुकड्याची शेकडो जनुकं गिऱ्हाइकं असतात.