डिलिरियम की डिमेन्शिया? ‘बाबा काहीतरी बरळतायत’ असा फोन आला की आधी काय विचारायचं

थंडी पडली की नाशिकमधे मला एक ठराविक फोन येतो. "डॉक्टर, बाबा काल रात्रीपासून काहीतरी बरळतायत, मला ओळखेनात, भिंतीवर माणसं दिसतायत म्हणे." आणि लगेच त्याला जोडून, "वय झालं ना आता, डोकं गेलं त्यांचं." यातलं पहिलं वाक्य नीट ऐकायचं आणि दुसरं बाजूला ठेवायचं, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेही एका पेशंटच्या जिवावर बेतल्यावर.

काही वर्षांपूर्वी अशाच एका आजोबांच्या केसपेपरवर मी सरळ ‘सेनाइल डिमेन्शिया’, म्हणजे म्हातारपणचा विसरण्याचा आजार, लिहिलं, रात्री शांत झोपावेत म्हणून अल्प्राझोलाम दिली आणि घरी पाठवलं. दोन दिवसांनी ते अ‍ॅडमिट झाले. लघवी तुंबून पोट फुगलेलं, रक्तातलं सोडियम खाली गेलेलं. सुनेने तेव्हा सांगितलं की रविवारपर्यंत पेपरातलं शब्दकोडं स्वतः सोडवत होते, मग सर्दी झाली म्हणून घरातलीच सर्दीची गोळी दिवसातून तीन वेळा घेत होते. शब्दकोडं सोडवणारा माणूस बुधवारी डिमेन्शियाचा पेशंट होत नाही हो. ‘कालपरवापर्यंत कसे होते’ हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. लघवीसाठी कॅथेटर (नळी) घातला, गोळ्या बंद केल्या, सोडियम हळूहळू वर आणलं आणि आठवड्याभरात आजोबा बऱ्यापैकी पूर्वीसारखे झाले. पण माझी झोपेची गोळी त्या आगीत तेल ओतून गेली होती, ते मी विसरलेले नाही.

तर मुद्दा हा, की डिलिरियम आणि डिमेन्शिया दोन्हींत माणूस गोंधळलेला दिसतो, दोन्ही म्हातारपणी जास्त होतात, पण डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला गोंधळ, ही इमर्जन्सी आहे आणि डिमेन्शिया हा अनेक वर्षं चालणारा आजार आहे. गंमत म्हणजे आपल्या आज्यांना हा फरक माहीत होता. तापात कोणी बडबडायला लागला की त्या म्हणायच्या ‘वात झालाय’, सन्निपात हा शब्दही होताच, आणि हळूहळू विसरायला लागलेल्या माणसाला म्हणायचे ‘साठी बुद्धी नाठी’. दुसरी म्हण मला आवडत नाही कारण साठीला बुद्धी जावी असा काही नियम नाही, पण दोन अवस्थांना दोन वेगळी नावं होती हे खरं. आणि डिलिरियम या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ काय, तर नांगराचं तास, म्हणजे नांगरलेली ओळ, सोडून जाणं. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. बैल तास सोडून गेला तर तो का बुजला ते बघायचं, त्याला परत तासावर आणायचं. डिमेन्शिया म्हणजे मात्र मनच हळूहळू निघून जाणं.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक, तो म्हणजे वेळ. डिलिरियम तासांत नाहीतर दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होतो, म्हणजे सकाळी राउंडला आजी छान बोलतात, नमस्कार करतात, आणि रात्री अकराला सलाइन उपटून घरी निघतात. म्हणून सकाळी एकदा बघून ‘पेशंट ओरिएंटेड’ (भानावर आहे) लिहिणारा डॉक्टर फसतो आणि रात्रपाळीच्या सिस्टरला खरं माहीत असतं, तिला विचारा. डिमेन्शिया महिन्यांत, वर्षांत येतो. घरच्यांना विचारलं तर ते आठवून आठवून सांगतात की मागच्या दिवाळीला चिवड्यात मीठच विसरली, मग बँकेत सही जुळेना, मग नेहमीच्या भाजी मार्केटमधून घरचा रस्ता सापडेना. सुरुवात नक्की कधी झाली ते कोणालाच सांगता येत नाही. डिलिरियमवाल्या घरात मात्र वार सांगतात.

दुसरा फरक लक्ष देण्याचा. सुरुवातीच्या डिमेन्शियात माणूस तुमच्याकडे बघतो, प्रश्न ऐकतो, फक्त उत्तर आठवत नाही. डिलिरियममधे प्रश्न संपेपर्यंत नजर पंख्याकडे गेलेली असते, प्रश्न पोचतच नाही. ‘फोर-ए-टी’ नावाची फुकट मिळणारी छोटी चाचणी आहे, दोनेक मिनिटांत होते, त्यात जागेपणा बघतात, वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष विचारतात, महिने उलटे म्हणायला लावतात आणि बदल अचानक आलाय का, वरखाली होतोय का ते बघतात. बेरीज ४ किंवा जास्त आली तर डिलिरियम धरून चालायचं. नुसता बदल अचानक असला तरी त्याचेच ४ मिळतात, यावरून वेळेचं महत्त्व लक्षात घ्या. आपल्याकडे एक अडचण येते, ग्रामीण भागातल्या कित्येक आजी-आजोबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, गुरुजींनी शाळेत टाकलेली, खरी कोणालाच माहीत नसते, त्यामुळे ती चुकली म्हणून लगेच घाबरू नका. महिने ज्यांना जमत नाहीत त्यांना मी वार उलटे विचारते, रविवार, शनिवार, शुक्रवार. त्याचे मार्क मी धरत नाही पण लक्ष टिकतंय की नाही ते दिसतं. दवाखान्यात शेरन इनूये यांनी १९९० मधे मांडलेली कॅम ही डिलिरियम ओळखायची पद्धतही वापरतात, तिचा गाभा तोच, अचानक आणि वरखाली होणारा बदल अधिक लक्ष न लागणं, आणि त्याबरोबर विस्कळीत बोलणं किंवा बदललेला जागेपणा यातलं एक.

इथे एक गोष्ट मला ओरडून सांगावीशी वाटते. सगळे डिलिरियम आरडाओरडा करत नाहीत. एक शांत प्रकार असतो, आजी पडून राहते, जेवत नाही, हाक मारली तर डोळे उघडते आणि परत मिटते. घरचे म्हणतात बिचारी काही त्रास देत नाही. स्टाफही खूश. हाच प्रकार सगळ्यात जास्त सुटतो आणि त्यात धोका कमी नसतो, उलट उशिरा सापडतो म्हणून वाढतो. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला ‘फार शांत आहे’ असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा जाऊन बघते.

कारणं शोधायची तर ग्लुकोमीटर आधी काढा, साखर कमी असेल तर बाकी सगळं नंतर. मग ऑक्सिजन, ताप, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम, पोटात पाणी न जाणं, तुंबलेली लघवी, आठ दिवस साफ न झालेलं पोट (हे कोणी विचारत नाही, विचारा), दुखणं, आणि डोक्याला मार लागला होता का. रोज पिणारा माणूस अ‍ॅडमिट होऊन दारू अचानक बंद झाली असेल तर तेही. आणि गोळ्यांची पिशवी पूर्ण टेबलावर रिकामी करायला लावा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठीची अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यासाठीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, बीपीची लघवी वाढवणारी गोळी, यातली प्रत्येक म्हाताऱ्या मेंदूला तासावरून काढू शकते. म्हाताऱ्यांत जपून वापरायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे, अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने ती २०२३ मधे परत सुधारली, ती एकदा तरी वाचाच.

डिमेन्शियाच्या तपासण्या वेगळ्या, तिथे घाई नसते पण आळसही नको. बी ट्वेल्व्ह, थायरॉइड, मेंदूचा स्कॅन, ऐकू येतंय का, आणि उदासी आहे का, कारण नवरा गेल्यावर गप्प झालेली बाई कधीकधी डिमेन्शियासारखी दिसते आणि डिप्रेशनच्या उपचाराने सुधारते. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा लासी-डॅड या देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओपीडीत ही माणसं येतायत, बीपीच्या गोळ्या घेऊन जातायत आणि आपल्याला कळत नाही.

दोन्ही एकत्र असू शकतात, आणि इथे अनुभवी लोकही गडबडतात. डिमेन्शिया असलेल्यालाच डिलिरियम लवकर होतो. म्हणून ‘यांना आधीपासून विसरायचा त्रास आहे’ हे ऐकून थांबू नका, परवापेक्षा आज वेगळं काय ते विचारा. फक्त लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात मुळातच वरखाली होणं आणि माणसं-प्राणी दिसणं असतं, तिथे शांत करायला हॅलोपेरिडॉल हे औषध दिलं तर पेशंट अक्षरशः लाकडासारखा होऊ शकतो, त्यामुळे हात आवरा. आणि डिलिरियम चालू असताना डिमेन्शियाचा शिक्का मारू नका, तो उतरायला कधी आठवडे, कधी महिने लागतात, काहींमधे पूर्ण उतरतही नाही, तेव्हा घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी परत बोलवून स्मरणशक्ती तपासा.

उपचारात कारण दूर करणं हेच औषध. बाकी चष्मा द्या, कानाचं मशीन लावा, दिवसा खिडकी उघडी रात्री दिवा मंद, कॅथेटरची गरज संपली की काढा, बसवा, चालवा, आणि उशाशी ओळखीचं माणूस ठेवा. हात बांधू नका. झोपेची गोळी तर नकोच, अपवाद फक्त दारू किंवा रोजची अल्प्राझोलामसारखी गोळी अचानक बंद झाल्याचा.

हे सगळं मला एमबीबीएसला नीट शिकवलं गेलं नाही, सीएमईंमधे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या वर्गांमधे, कळलं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत अशा वर्गांचे ३० क्रेडिट तास लागतात, माझे आधीचे बहुतेक डायबेटिस आणि हार्टवर गेले होते. त्यात वाईट काही नाही, पण आपला निम्मा वेटिंग रूम साठीच्या पुढचा असेल तर दरवेळी दोन-चार तास तरी वृद्धांसाठी ठेवूया ना, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. आणि एकट्याने जाऊ नका, सिस्टरला, कंपाउंडरला, आशाताईंना पण हे शिकवा, कारण पेशंटला आधी ते बघतात.

२०२७ चा सिंहस्थ समोर आहे म्हणून तर जास्तच. रामकुंडावर हरवलेली, गाव सांगता न येणारी एक आजी मदत केंद्रात बसलेली असेल, सोबत कोणी नाही, म्हणजे ‘कालपर्यंत कशी होती’ विचारायलाही माणूस नाही. तिचा उपास असेल, संडासाला जावं लागेल म्हणून तिने सकाळपासून पाणी प्यायलेलं नसेल, शुगरची गोळी मात्र सवयीने घेतली असेल. अशा वेळी तिला विसरभोळी समजून नुसतं नाव पुकारत बसू नका. सोबतचं माणूस सापडेपर्यंत तो डिलिरियमच समजा, आणि माइक हातात घ्यायच्या आधी तिच्या बोटाला टोचून साखर बघा.