विश्वास सोडून गेलेल्या मुलासाठी प्रार्थना करताना जी आशा धरतो, ती आली कुठून?

मूल ख्रिस्ती विश्वास सोडून जातं तेव्हा आईबाप दोन प्रश्न घेऊन गुडघ्यावर येतात. एक म्हणजे हे परत येईल का, आणि दुसरा, जो ते पाळकांनाही पटकन विचारत नाहीत, तो म्हणजे आमचं काय चुकलं. हे प्रश्न आजच्या पिढीचे, मोबाइल आणि कॉलेजच्या काळातले आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मंडळी, म्हणजे चर्च, अगदी सुरुवातीपासून यांच्याशी झगडत आलीय, आणि आपण आज "प्रार्थना करत राहा, आशा सोडू नका" असं इतक्या सहज म्हणतो त्या वाक्यामागे कित्येक शतकं आहेत.

पवित्र शास्त्रापासूनच सुरुवात करू, कारण तिथे अशा आईबापांची कमी नाही. एली याजकाची मुलं होफनी आणि फिनहास निवासमंडपातच सेवा करत होती आणि तिथेच बिघडली. शमुवेल, ज्याला हन्नाने रडून रडून देवाकडून मागून घेतलं, त्याची मुलंसुद्धा लाच खाणारी निघाली (१ शमुवेल ८). आता यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे, एलीने मुलांना आवरलं नाही असं शास्त्र स्पष्ट सांगतं, पण शमुवेलाबद्दल तसा एक शब्दही नाही. म्हणजे मूल भरकटलं की दोष आईबापाचाच, असा हिशोब शास्त्र स्वतः मांडत नाही. मुलांच्या मेजवान्यांची फेरी संपली की ईयोब दर वेळी पहाटे उठून एकेका मुलासाठी होमार्पण करायचा, का तर मनातल्या मनात त्यांनी देवाला सोडलं असेल तर. आणि यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव स्वतः म्हणतो की मी मुलं वाढवली, लहानाची मोठी केली, पण ती माझ्यावरच उलटली. परिपूर्ण पित्याच्या तोंडी हे वाक्य आहे. माझ्या मते स्वतःला कोसत बसलेल्या प्रत्येक आईला हे वचन आधी दाखवायला पाहिजे, बाकी सल्ले नंतर.

लूक १५ तर सगळ्यांना पाठ. पण आपण उधळ्या पुत्राची, म्हणजे वाटणीचे पैसे दूर देशात उडवून घरी परतलेल्या मुलाची, गोष्ट तेवढी उचलतो आणि तिच्या आधीचे दोन दाखले सोडून देतो. बाप घरी थांबतो, वाट बघतो, मुलाच्या मागे त्या दूर देशात जात नाही हे खरं, पण त्याच अध्यायात मेंढपाळ हरवलेलं मेंढरू रानात शोधायला निघतो आणि बाई हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडून काढते. तिन्ही एकत्र वाचले की कळतं की आईबाप घरी थांबलेत म्हणून शोध थांबलेला नाही, शोधणारा दुसरा आहे.

पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पहिल्या काही शतकांत मंडळीपुढे खरोखरच प्रश्न होता की विश्वास सोडलेल्याला परत घ्यायचं की नाही. इब्री ६:४-६ (एकदा प्रकाश मिळून मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे असं तिथे म्हटलंय) वाचून आजही आईबापांच्या पोटात गोळा येतो, तसाच तेव्हाही यायचा, आणि काही कडक पुढारी त्याच वचनावर बोट ठेवून दार बंद म्हणायचे. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने आपले दृष्टांत लिहून ठेवले, त्यात त्याची स्वतःचीच मुलं देवाची निंदा करणारी आणि आईबापांचा विश्वासघात करणारी होती असं येतं. त्याला आधी बोल लावला जातो की तू मुलांना सुधारलं नाहीस, पण लगेच सांगितलं जातं की धीर धर, घराला सावर, त्यांना समजावणं सोडू नकोस, त्यांनी मनापासून पश्चात्ताप केला तर दार उघडं आहे.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक प्रेषित योहानाची एक आठवण सांगतो (पुढे युसेबियसने ती आपल्या मंडळीच्या इतिहासात घेतली). योहानाने एक तरुण एका बिशपच्या हवाली केला होता, त्याला सांभाळ म्हणून. काही काळाने योहान परत आला आणि म्हणाला, माझी ठेव परत दे. बिशप आधी गोंधळला, त्याला वाटलं पैशांबद्दल बोलतायत, मग कण्हत म्हणाला की तो मेला. कसा मेला? तर देवाला मेला, आता डोंगरात दरोडेखोरांचा म्होरक्या आहे. म्हातारा योहान घोडा मागवून तसाच निघाला, दरोडेखोरांच्या हाती मुद्दाम सापडला, आणि तो तरुण लाजेने पळायला लागला तेव्हा हा वय विसरून त्याच्या मागे धावत ओरडत होता की लेकरा, स्वतःच्या बापापासून का पळतोस, अजून आशा आहे. ही घटना जशीच्या तशी घडली की नाही यावर अभ्यासक बोलतील, पण सुरुवातीच्या मंडळीला ही गोष्ट जपून ठेवावीशी वाटली, माझ्यासाठी तेच महत्त्वाचं आहे.

खरी कसोटी लागली इ.स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं, असे काही कागद इजिप्तमध्ये आजही सापडलेले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरले, कोणी बळी दिला, कोणी लाच देऊन नुसतं सर्टिफिकेट मिळवलं. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले. रोममध्ये नोवेशियन नावाचा कडक पुढारी म्हणाला की घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सोबतच्यांनी २५१ च्या सभेत वेगळा निर्णय घेतला, पश्चात्तापाचा काळ लागेल, प्रत्येकाची केस वेगळी बघू, पण परत यायची वाट आहे. वाद पुढेही चालू राहिला, तरी मुख्य मंडळीने ही वाट कायमची धरली. हे झालं नसतं तर पुढच्या कुठल्याही आईच्या प्रार्थनेला "परत येणं" हा शब्दच राहिला नसता.

आणि आता मोनिका. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे मंडळीचा मोठा बिशप आणि लेखक झाला, ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत थागास्ते इथे जन्मला, कार्थेजला शिकायला गेला आणि मानीच्या पंथात (प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या) शिरला, जवळपास ९ वर्षं तिथेच होता. पुढे आपल्या आत्मकथनात त्याने आईबद्दल जे लिहिलंय त्यातलं एकच वाक्य आपल्या प्रार्थनासभांत फिरतं, की इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. पण ते कुठल्या प्रसंगात आलं ते बघा. मोनिका एका बिशपकडे जाऊन हट्ट धरते की तुम्ही याच्याशी बोला, याच्या चुका काढा. बिशप नाही म्हणतो, म्हणतो तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त प्रार्थना कर. आणि सांगतो की मी स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलो, त्यांची पुस्तकं हाताने नकलून काढली आणि कोणी वाद न घालता आपोआप बाहेर पडलो. तरी ही ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा तो वैतागून म्हणाला की जा आता, आणि मग ते वाक्य आलं.

त्याआधीचं स्वप्न तर मला जास्त मोलाचं वाटतं. सुरुवातीला मोनिकाने मुलाला आपल्या घरात, आपल्या टेबलावर जेवायला बसू द्यायचंही बंद केलं होतं. मग तिला स्वप्न पडलं, ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, एक तेजस्वी तरुण येऊन विचारतो की का रडतेस, आणि म्हणतो की बघ, तू आहेस तिथेच तो आहे. तिने बघितलं तर मुलगा त्याच पट्टीवर बाजूला उभा. ऑगस्टीनने हे ऐकून लगेच उलटं फिरवलं, म्हणजे तू माझ्याकडे येणार. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, नाही, तो आहे तिथे तू असं नाही सांगितलं, तू आहेस तिथे तो असंच सांगितलं. या स्वप्नानंतर तिने त्याला परत आपल्यासोबत जेवायला घेतलं. तो बदलला नव्हता हं, अजून वर्षानुवर्षं बदलणार नव्हता, तरी ताट वाढलं गेलं.

३८३ मध्ये तो रोमला निघाला तेव्हा मोनिका किनाऱ्यापर्यंत मागे लागली, जाऊ नकोस नाहीतर मलाही ने. त्याने चक्क खोटं सांगितलं की मित्राला निरोप द्यायला थांबलोय, तिला जवळच्या सिप्रियनच्या स्मृतिस्थानात रात्र काढायला लावलं आणि रात्रीच जहाजातून निघून गेला. परत येणाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवणाऱ्या त्याच सिप्रियनच्या नावाच्या जागी ही आई रात्रभर रडत प्रार्थना करत होती आणि तिची त्या रात्रीची मागणी, की त्याला जाऊ देऊ नकोस, नाकारली जात होती. ऑगस्टीन पुढे लिहितो की देवाने तिची त्या वेळची मागणी दिली नाही, कारण तिची नेहमीची मागणी द्यायची होती. इटलीत मिलानला त्याला तिथला बिशप अँब्रोस भेटला, ३८६ मध्ये बागेत त्याने रोमकरांस पत्र १३:१३-१४ वाचलं, आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका ओस्तियाला वारली, ५६ वर्षांची होती.

मोनिकाला मात्र आपण उगाच निर्दोष करून टाकतो. मुलासाठी तिचे स्वतःचे प्लॅन होते, चांगल्या घरची मुलगी शोधून लग्न ठरवण्यात ती पुढे होती, आणि त्याच लग्नापायी त्याची कित्येक वर्षांची सोबतीण, त्याच्या मुलाची आई, आफ्रिकेला परत पाठवली गेली. प्रार्थना करणाऱ्या आईची प्रत्येक इच्छा देवाची इच्छा नसते, हे त्या कथेतच दिसतं.

आणि सगळ्यांना मोनिकासारखं बघायला मिळत नाही. "अमेझिंग ग्रेस" हे गीत लिहिणाऱ्या इंग्रज जॉन न्यूटनची आई १७३२ मध्ये गेली, तो तेव्हा ७ वर्षांचाही झाला नव्हता. तिने त्याला वचनं आणि गीतं पाठ करून घेतली होती, तो पाळक व्हावा अशी तिची इच्छा. तो खलाशी झाला, विश्वास टाकला, इतरांचाही विश्वास मोडायच्या मागे लागला. १७४८ च्या मार्चमध्ये वादळात त्याने देवाला हाक मारली, तिला जाऊन तोवर १५ वर्षं उलटली होती. आणि त्यानंतरही तो १७५४ पर्यंत गुलामांच्या जहाजांवर होताच! पाळक झाला १७६४ मध्ये, गुलामीच्या धंद्याविरुद्ध उघड लिहिलं १७८८ मध्ये. परत येणं हे एका रात्रीत संपणारं काम नाही, म्हणून मूल एकदा चर्चला आलं की सुटलो आणि पुन्हा यायचं थांबलं की संपलं, असं मोजत बसू नये.

नीतिसूत्रे २२:६ बद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही" हे वचन कितीतरी घरांत गॅरंटी कार्डसारखं वापरलं जातं आणि मूल गेलं की तेच आईबापांवर आरोपपत्र होऊन उलटतं. नीतिसूत्रे हा शहाणपणाचा ग्रंथ आहे, साधारण जग कसं चालतं ते तो सांगतो, त्याच पुस्तकात बापाचं ऐकायचं की नाही हे मुलानेच निवडायचं म्हणून पुन्हा पुन्हा विनवलंय. ते वचन प्रेमाने वाढवायला सांगतं, निकालाची तारीख देत नाही. कोणाच्या दुःखात जाऊन हे वचन फेकणाऱ्यांनी, कृपा करून, थांबावं.

इंग्लंडमध्ये अनाथालयं चालवणारा जॉर्ज म्युलर, जो स्वतः तरुणपणी बापाचे पैसे चोरायचा, त्याने नोव्हेंबर १८४४ पासून पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला माणूस विश्वासात यायला १८ महिने लागले, दुसऱ्याला आणखी ५ वर्षं, तिसऱ्याला आणखी ६. हे त्याने सांगितलं तेव्हा ३६ वर्षं झाली होती आणि दोघं अजून बाकी होते, आणि तो रोज त्यांची नावं घेतच होता.

एकट्याने इतकी वर्षं खेचणं प्रत्येकाला जमत नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. १८५० मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात काही आया मुलांसाठी एकत्र प्रार्थना करायला जमू लागल्या, त्यातून पुढे ख्रिस्ती मातांचा मोठा संघ उभा राहिला आणि मोनिकाचं नाव अशा गटांशी जोडलं गेलं. १९६९ मध्ये कॅथलिक दिनदर्शिकेत तिचा दिवस ४ मेवरून २७ ऑगस्टला आला, ऑगस्टीनच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. संतांचे दिवस न पाळणाऱ्या मंडळ्यांतही आता आईबापांचे असे छोटे गट असतात. एखादीला आठवडाभर तोंडातून शब्द फुटला नाही तर तिच्या मुलाचं नाव दुसरी घेते, आणि त्या आठवड्यात तिने मुलाला फक्त फोन करून जेवलास का एवढं विचारलं तरी चालतं.