पार्श्वभूमी : कादंबरीचा कणाच पडद्यावर मोडतो तेव्हा

फँटसी कादंबरीवरचा चित्रपट पाहून वाचक हळहळले की त्यांना हट्टी ठरवलं जातं. 'पुस्तकाबरहुकूम सगळं कसं दाखवणार?' असा प्रश्न येतो. पण वाचकांनी एवढं कधी मागितलंच नव्हतं; कथेचा कणा शाबूत राहावा, एवढंच त्यांचं मागणं. शिवाय ही तक्रार आधी लेखकांनी केली आहे.

१९५८ साली जे. आर. आर. टोल्कीन यांच्यापुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पटकथेचा आराखडा आला. त्यांनी हरकतींचं सविस्तर पत्र लिहिलं. त्यातली एक हरकत कथेतल्या प्रवाशांना उचलून नेणाऱ्या महाकाय गरुडांच्या अतिवापराची होती, आणि ती रास्तच होती: गरुड हवे तेव्हा धावून येणार असतील, तर पायी सोसलेल्या हालांना काय अर्थ? तो चित्रपट निघाला नाही. पुढे २००१ मध्ये पीटर जॅक्सनने टॉम बॉम्बाडिल हे पात्र पूर्ण गाळलं. काही वाचक हळहळले, तरी बहुतेकांनी चित्रपट आपलासा केला, कारण प्रवासाचं ओझं शाबूत होतं.

मिखाएल एंडे यांच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'चं दुखणं याहून खोल. कादंबरीच्या उत्तरार्धात बास्टियन हा मुलगा कल्पनेच्या राज्यात शिरतो. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, पण दर इच्छेपायी एकेक आठवण पुसली जाते. शेवटी त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. १९८४ च्या चित्रपटाने हा उत्तरार्ध सोडून दिला आणि बास्टियनला ड्रॅगनवर बसवून त्रास देणाऱ्या मुलांच्या मागे धाडलं. इच्छा उरली, तिची किंमत गेली. एंडे कोर्टात गेले आणि हरले.

हक्क एकदा विकले की कराराने दिलं असेल तेवढंच लेखकाच्या हाती राहतं. उर्सुला ली ग्वीन यांच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांमधली बहुसंख्य माणसं सावळी किंवा काळी आहेत, नायक गेड तांबूस-तपकिरी. २००४ च्या मालिकेत गेडची भूमिका गोऱ्या नटाला मिळाली. ली ग्वीन यांनी त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला.

'पर्सी जॅक्सन' या कादंबरीमालिकेचा नायक पर्सी पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा आहे. पुढच्या भागांतली भविष्यवाणी त्याच्या सोळाव्या वर्षावर टांगलेली आहे, त्यामुळे मधली वर्षं हाच कथेचा ताण. २०१० च्या चित्रपटाने त्याचं वय वाढवलं आणि तो ताण सुरुवातीलाच संपवला. लेखक रिक रायर्डन यांनी निर्मात्यांना आधीच पत्रांतून सावध केलं होतं. २०२३ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा ते स्वतः निर्मितीत होते आणि पर्सी पुन्हा बारा वर्षांचा होता.