जेवढं सोनं, तेवढ्याच नोटा?

‘मध्यवर्ती बँकेकडे जेवढ्या किमतीचं सोनं, तेवढ्याच नोटा छापता येतात,’ हा मजकूर मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. नोट कधीकाळी धातूत बदलून मिळायची, त्यामुळे समज स्वाभाविक आहे. पण नियम तसा नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये यावर अर्थतज्ज्ञांचे दोन तट होते. नोटा सोन्याशी बांधा, असं एकाचं म्हणणं. व्यापाराच्या गरजेप्रमाणे त्या कमी-जास्त होऊ द्या, असं दुसऱ्याचं. १८४४च्या कायद्यात पहिला तट जिंकला. तरीही १ कोटी ४० लाख पौंडांच्या नोटा सोन्याऐवजी रोख्यांच्या, म्हणजे सरकारी कर्जाच्या कागदांच्या, आधारावर काढायची मुभा होतीच. शिवाय १८४७, १८५७ आणि १८६६च्या अरिष्टांत ती मर्यादा शिथिल करावी लागली. इतका कडक कायदाही संकटात टिकला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भारतात आधी प्रमाणशीर राखीव निधीची पद्धत होती: नोटांच्या किमतीच्या किमान ४० टक्के सोनं आणि परकीय रोखे. १९५७पासून, नोटा कितीही असल्या तरी, सोनं आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपयांचा राखीव निधी पुरतो, त्यात सोनं किमान ११५ कोटींचं. बाकी आधार मुख्यतः रोख्यांचा. नोट चालते ती कायद्याने आणि महागाई आवाक्यात राहील या भरवशावर.

पडताळायचं असेल तर मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालातला ताळेबंद उघडा. देण्यांच्या बाजूला ‘जारी केलेल्या नोटा’ आणि मालमत्तेच्या बाजूला त्यांच्या तारणाचं सोनं, हे दोन आकडे शेजारी ठेवा. सोन्याचा आकडा बराच लहान दिसेल. बँकेकडचं बाकीचं सोनं वेगळ्या ओळीत असतं, ते यात मिसळू नका.