डिस्ट्रो बदलताना डेस्कटॉप सेटिंग्ज रिसेट का कराव्या लागतात: पार्श्वभूमी

लिनक्सवर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायली ज्या होम डिरेक्टरीत असतात तिच्यासाठी डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, ठेवावे, म्हणजे डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखे लिनक्सचे वितरण) बदलली तरी फायली शाबूत राहतात, हा सल्ला जुनाच आहे. मात्र डेस्कटॉपच्या सेटिंग्जही त्याच डिरेक्टरीत असल्याने नव्या सिस्टिमवर पहिल्याच लॉगिनला इन्स्टॉल नसलेल्या थीमचे नाव, बंद पडलेली एक्स्टेन्शन्स आणि विस्कटलेले पॅनेल समोर येते.

टिंबाने सुरू होणारी फाइल यादीत दिसत नाही, या युनिक्सच्या सोयीमुळे प्रत्येक प्रोग्राम आपली फाइल होममध्येच टाकू लागला. 2003 च्या सुमारास एका सामाईक संकेतानुसार सेटिंग्जसाठी होममधील डॉट-कॉन्फिग (.config) ही डिरेक्टरी ठरली. लिनक्सवरील दोन प्रमुख डेस्कटॉपांपैकी केडीई तेथे स्थिरावला तो 2014 मधील त्याच्या प्लाझ्मा 5 या आवृत्तीपासून.

खरा वाद झाला तो दुसऱ्या, म्हणजे ग्नोमच्या निर्णयावरून. 2002 च्या ग्नोम 2 मध्ये सेटिंग्ज साठवणारी जीकॉन्फ ही व्यवस्था होती आणि तिच्या एक्सएमएल फायली कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येत. 2011 च्या ग्नोम 3 सोबत डीकॉन्फ रूढ झाले आणि वापरकर्त्याच्या सगळ्या निवडी एकाच बायनरी, म्हणजे साध्या एडिटरमध्ये वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये गेल्या. लॉगिनच्या वेळी असंख्य मूल्ये वाचावी लागतात, लिहिण्याचे प्रसंग मात्र थोडे, म्हणून वाचन वेगवान करणारी रचना हवी, हे त्यामागचे कारण होते. विरोधकांना त्यात विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे तिथला सेटिंग्जचा एकत्रित साठा, दिसली: फाइल वाचता येत नाही, आणि ती बिघडली तर सगळेच जाते. हा आक्षेप निराधार नव्हता, पण डिस्ट्रो बदलणाऱ्याच्या दृष्टीने तो अर्धवट होता. डीकॉन्फच्या त्या फाइलमध्ये वापरकर्त्याने स्वतः बदललेली मूल्येच असतात. मूळ मूल्ये डिस्ट्रोच्या स्कीमा (सेटिंग्ज व त्यांची मूळ मूल्ये ठरवणाऱ्या) आणि ओव्हरराइड (ती मूल्ये डिस्ट्रोने बदलणाऱ्या) फायलींतून येतात. त्यामुळे ‘डीकॉन्फ रिसेट’ केले की डेस्कटॉप थेट नव्या डिस्ट्रोच्या मूळ रूपात येतो. उलट, जुन्या डिस्ट्रोने मुळातच दिलेला जो फाँट आपल्याला आवडला होता, तो आपण कधी निवडलेलाच नसल्याने सोबत येत नाही. आयकॉन थीम आपण निवडलेली असल्याने, तिचे पॅकेज असो वा नसो, तिचे नाव मात्र येते. शिवाय ‘डीकॉन्फ डंप’ने सर्व मूल्ये साध्या मजकुरात काढून त्यांतली कीबोर्ड शॉर्टकट्ससारखी हवी तेवढीच परत भरता येतात, ही सोय टीकाकारांच्या लेखी क्वचितच आली.

खिडक्यांची मांडणी, अलीकडे उघडलेल्या फायली अशा तात्पुरत्या नोंदींसाठी स्वतंत्र डिरेक्टरी डॉट-कॉन्फिग ठरवणाऱ्या त्याच संकेतात 2021 मध्ये आली, म्हणजे फारच उशिरा; अनेक प्रोग्राम अजूनही त्या नोंदी सेटिंग्जमध्येच मिसळतात, आणि म्हणून निवडक सफाईपेक्षा अख्खी डॉट-कॉन्फिग नाव बदलून बाजूला ठेवणे लोकांना सोपे वाटते. फ्लॅटपॅक या, कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारी ॲप्स देणाऱ्या पद्धतीमुळे तो उपायही आता अपुरा ठरतो, कारण त्यातील ॲप्सच्या सेटिंग्ज बहुतांशी होममधील डॉट-व्हार या वेगळ्या डिरेक्टरीत असतात आणि डॉट-कॉन्फिग हलवल्यावरही तशाच राहतात.