छोटे राहिलेले पिलू आणि प्रतवारीचा वाद : पार्श्वभूमी

गंगापूर किंवा गिरणा धरणातल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडली की काही आठवड्यांत हमखास एक तक्रार येते. एकाच दिवशी, एकाच मापाची टाकली होती, मग यातली कितीतरी बोटाएवढीच कशी राहिली? त्यावरचे उत्तरही ठरलेले: मोठे खाऊ देत नाहीत, निवडून वेगळे काढा. या पिंजऱ्यांत तिलापिया मासा पाळणाऱ्यांना ही मापानुसार निवड, म्हणजे प्रतवारी, अंगवळणी पडली आहे. पण तिच्यावर खरी डोकेफोड झाली ती चपट्या माशांच्या टाक्यांवर.

चपटा मासा म्हणजे नाशिकच्या खवय्याला लेप, फार तर भाकस. हे दोन्ही आपल्याकडे समुद्रातून जाळ्यानेच येतात. पाळले जातात ते त्यांचे लांबचे भाऊबंद, म्हणजे युरोपातला टर्बट, नॉर्वेतला हॅलिबट आणि जपानचा हिरामे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर युरोपात उबवणी केंद्रे निघाली, पण अंडी उबवायची आणि जिरे (नुकतीच फुटलेली पिल्ले) समुद्रात सोडायचे, एवढीच त्यांची मजल होती. १९३० च्या दशकात आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाचा जिवंत चारा हाती आला आणि टाकीत पिल्ले जगू लागली. टर्बट १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळला, पुढे स्पेनच्या गॅलिशियात फोफावला आणि १९९२ मध्ये चीनमध्ये पोहोचला.

हॅलिबटने सगळ्यांना रडवले. त्याचे पिलू जवळपास दीड महिना पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवरच काढते. पुढे रूपांतराच्या वेळी, म्हणजे उभे पोहणारे पिलू चपटे होऊन एका कुशीवर पडताना, एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकायचा, तो कधी अर्ध्या वाटेतच अडकायचा, नाहीतर वरची बाजू पांढरीफटक राहायची. पिल्ले हजारोंनी मिळू लागली तेव्हा कुठे लहानमोठेपणाकडे लक्ष द्यायला सवड झाली.

घोळ सुरू झाला तो ‘दादागिरी’ या शब्दापासून, म्हणजे मोठी पिल्ले दाबतात म्हणून छोटी खुरटतात या समजुतीपासून. ही कल्पना मुळात माशांची नाहीच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत कोंबड्यांच्या खुराड्यातला टोचण्याचा क्रम नोंदवला गेला: कोणी कोणाला टोचायचे, कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे. नाशिकच्या पोल्ट्रीवाल्याला हे वेगळे सांगायला नको. तोच साचा पुढे ट्राउट आणि सामनला लावला गेला आणि तिथे तो बसलाही. हे मासे जागा अडवतात, दुसऱ्याला हुसकावतात. दबलेला मासा ताणामुळेही खुरटतो, केवळ उपासमारीने नव्हे.

चपटी पिल्ले मात्र तळाला पडून असतात, भाकऱ्यांची चवड रचावी तशी एकावर एक. म्हणून त्यांची दाटी नुसती पाण्याच्या घनमीटरवर न मोजता तळाचा किती भाग झाकला गेला यावरही मोजतात, आणि तो आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेला तरी कोणी दचकत नाही. इथे कोण कोणाची जागा अडवणार? हॅलिबटची पिल्ले चावतात हे खरे. ती शेजाऱ्याच्या डोळ्यावर आणि परांवर झडप घालतात, तेही विशेषतः चाऱ्याच्या वेळी, आणि त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. टर्बट त्या मानाने शांत. तरीही दोघांच्या छोट्या पिलांवर शिक्का एकच बसला: दबलेले.

या शिक्क्यावरच प्रतवारीचा सगळा हिशोब उभा होता. दांडेगजाच्या चाळणीतून मोठी वेगळी, मधली वेगळी, बारकी वेगळी करायची, म्हणजे बारक्यांवरचा दाब उठेल आणि सगळ्यांचे मिळून वजन वाढेल. १९९० च्या दशकात टर्बटवर याची पडताळणी झाली, तेव्हा प्रतवारी केलेल्या टाक्यांचे एकूण वजन न केलेल्यांच्या पुढे गेले नाही. मला यात नवल वाटत नाही. बारकी पिल्ले दबलेलीच असतात असे कुठे आहे? काही उपजतच हळू वाढतात. शिवाय टर्बट, हॅलिबट, हिरामे या तिघांतही मादी नरापेक्षा मोठी होते. म्हणजे आपण ‘दबलेले’ म्हणून बाजूला काढतो, त्यातले काही नुसते नर असू शकतात. त्यात उपसाउपशीत पिल्ले बिथरतात आणि चारा खाणे सोडतात, ते नुकसान वेगळेच.

तरीही प्रतवारी टिकली. एका मापाच्या तोंडांना एका मापाचा दाणा चालतो, आणि गिऱ्हाईक एकसारखा माल मागते. आपल्या बाजार समितीत गोल्टी (बारका कांदा) वेगळी करतात ती उरलेला कांदा फुगावा म्हणून थोडीच? हॅलिबटवाले डोळे वाचवण्यासाठी प्रतवारीची बाजू घेतात, त्यात मात्र तथ्य असू शकते.

जपानने वेगळा रस्ता धरला आणि हिरामेची सर्व-मादी पिल्ले तयार केली. पण वाढीच्या एका नाजूक टप्प्यात पाणी जास्त गरम झाले, तर जन्माने मादी असलेली पिल्लेही नर होतात. तिलापियात गणित नेमके उलटे आहे. तिथे नर झपाट्याने वाढतो, म्हणून पिंजऱ्यासाठी एकलिंगी नर बीजच घेतात.

त्यात एखादी मादी निसटून येतेच. मग हाताच्या जाळीने उपसणे, टबात ओतणे, बारकी वेगळ्या हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत) सोडणे हे ओघाने आले. महिन्याभराने पाहावे, तर त्या हाप्यातही पुन्हा तीन मापे दिसतात.