पावसाची वाट आणि नर्मदेचा पूर

मोठा पूर आला की बातम्यांतून ‘अभूतपूर्व’ हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि पूर म्हणजे केवळ अतिवृष्टीचा परिणाम ही समजूत आणखी घट्ट होते. वास्तविक पाऊस किती पडला याइतकेच तो कोणत्या दिशेने सरकत पडला हेही महत्त्वाचे असते. नर्मदेचे खोरे याची उत्तम साक्ष देते.

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत सुमारे १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे खोरे विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये लांबट व चिंचोळे आहे. अशा खोऱ्यात सर्वत्र एकाच वेळी पाऊस पडला, तर खालच्या उपनद्यांचे पाणी आधी निघून जाते, वरचे मागाहून पोहोचते आणि पुराची धार बोथट होते. परंतु बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे क्षेत्र पावसाळ्यात बहुधा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकते, आणि त्याची वाट खोऱ्यावरून गेली तर ती नदीच्या प्रवाहाला समांतर असते. पूर्वेकडच्या शेर, शक्कर, दुधी या उपनद्या प्रथम भरतात. त्यांचे पाणी मुख्य पात्रातून खाली येईपर्यंत पावसाचा पट्टा तवा आणि गंजाल यांच्या पाणलोटावर पोहोचलेला असतो. परिणामी वरून आलेली पूरलाट तवा नदीच्या मुखाशी येते तेव्हा तवाही दुथडी भरलेली असते, आणि लाट ओसरण्याऐवजी प्रत्येक संगमावर चढत जाते. तेवढाच पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकला असता, तर हेच लोंढे एकामागून एक, सुटे सुटे समुद्राला मिळाले असते. सप्टेंबर १९७० मध्ये नदीच्या खालच्या टप्प्यावर, गुजरातमधील गरुडेश्वर येथे दर सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी वाहिले, ते केवळ एका ठिकाणच्या ढगफुटीमुळे नव्हे. नदीचा कोप झाला असे म्हणून हात जोडणाऱ्यांना ही वेळेची जुळणी कधीच दिसत नाही.

अशा पुरांच्या नोंदी माणसाने ठेवण्याआधीच खोऱ्याने ठेवल्या आहेत. अरुंद, खडकाळ घळीत मुख्य नदी फुगली की तिचे पाणी उपनदीच्या मुखात उलटे शिरते आणि तेथे जवळजवळ थांबते. थांबलेल्या पाण्यातील बारीक वाळू व गाळ खाली बसतो. पुढच्या मोठ्या पुरात त्यावर दुसरा थर चढतो. काठाची उभी कापणी जवळून पाहिली, तर फिकट वाळूच्या दोन थरांमध्ये वाळलेल्या चिखलाच्या भेगा, कुजलेल्या पानांची काळपट रेघ किंवा कोळशाचा कण आढळतो. दोन पुरांमधील कोरड्या काळाची ती खूण असते. त्या कणाचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढता येते, तर थराची उंची ‘पाणी किमान इतके चढले होते’ एवढे खात्रीने सांगते. किमान हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण पाण्याची पातळी गाळाच्या माथ्यापेक्षा नेहमीच वर असते. नर्मदेतील अशा थरांचा अभ्यास सुमारे १७०० वर्षे मागे जातो.